मागच्या रांगेतलं हसू

पुणे,
१२ जून १९९६

प्रिय अरुणा,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळून दीड महिना झाला. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. बँकेत ऑडिट चालू होतं आणि डोक्यात फिल्म सोसायटी होती. आमच्या 'दृष्टिक्षेप'ला डिसेंबरात पंचवीस वर्षं पूर्ण होतात. लग्नाआधी तू माझ्याबरोबर यायचीस आणि दुसऱ्या रिळालाच झोपायचीस, तीच ही सोसायटी. चिटणीस अजून तुझा भाऊच आहे, कारण दुसरं कुणी हे झेंगट गळ्यात घ्यायला तयार नाही.

यंदा तीन दिवसांचा महोत्सव करतो आहोत, अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या सिनेमाचा. शीर्षक मी दिलं आहे : 'वेदना आणि विद्रोह'. आमचे अध्यक्ष श्रीनिवास सर एकदम खूश झाले. विषय मीच का सुचवला हे तुला सांगायला नको. दौंडच्या रेल्वे चाळीत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना त्या लोकांचं दुःख समजायला सबटायटल्स लागत नाहीत.

दोन चित्रपट हातात आले आहेत. एक गुलामगिरीवरचा, एक दंगलीवरचा. तिसरा हवा आहे. तुमच्या सिंगापुरात व्हिडिओच्या दुकानांत जगातलं सगळं मिळतं म्हणतात, तर शोध. गल्लीतल्या टोळ्या, नशा, पोलीस असं काही मिळालं तर उत्तम. हलकंफुलकं नको. तसं त्यांच्यात काही निघतही नसावं.

माझं बरं चाललं आहे. आत्मकथनाचं पुस्तक येऊन अठरा वर्षं झाली तरी व्याख्यानांची बोलावणी येतात. परवा साताऱ्याला जाऊन आलो. पाण्याच्या हौदाचा प्रसंग वाचून दाखवला. सगळीकडे तोच मागतात, आता मला पाठ झाला आहे.

तन्वीला पापा. शैलेंद्रराव बोटीवरून कधी परततात ते कळव.

तुझा,
प्रबोधदादा

*

क्लेमेंटी, सिंगापूर,
१ जुलै १९९६

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

झोपायचे हे खरं आहे. पण एका पिक्चरमध्ये एक माणूस सात मिनिटं नुसता विहिरीकडे बघत होता, मी दुसरं काय करायचं होतं?

शैलेंद्रची बोट आता ऑक्टोबरात परतेल. तोवर घरात मी आणि तन्वी दोघीच, म्हणून मधली खोली विद्यापीठातल्या कुणाला तरी भाड्यानं द्यायची असं आम्ही ठरवलं होतं. ती दिली. आणि गंमत बघ, कुणाला दिली! ग्लोरिया नावाची बाई आहे, चौतीस वर्षांची, अमेरिकेतली, बाल्टिमोरची. काळी. मार्चअखेरपर्यंत इथे आहे. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांवरच्या, म्हाताऱ्या बायका कसं बोलतात त्याच्या टेप करून अभ्यास करते. शैलेंद्रनं फोनवर तीनदा विचारलं, "नीट चौकशी केलीस ना?" मी म्हटलं, विद्यापीठाचं पत्र आहे तिच्याकडे. बाई शांत आहे. सकाळी आपली आपण अंडं उकडून घेते, संध्याकाळी तन्वीशी पत्ते खेळते. तन्वी म्हणते, "ममी, शी इज सो फनी लाह!"

घरातही थोडी डागडुजी काढली आहे. सुताराला बोलावून स्वयंपाकघरातल्या मोठ्या कपाटाला कुलूप बसवून घेतलं. तन्वी सारखी उचकापाचक करते.

आता तुझ्या कामाचं. ग्लोरियानं स्वतः एक फिल्म केली आहे. पंचावन्न मिनिटांची, 'हेझल्स थर्सडेज'. म्हणजे हेझलचे गुरुवार. तिनं मला आणि तन्वीला दाखवली. हेझल नावाची विधवा आहे. तिचा घड्याळं दुरुस्त करणारा नवरा वॉल्टर मरून वर्ष झालं आहे. तो दर गुरुवारी सहा वाजता भूत होऊन येतो, आपल्या खुर्चीत बसतो आणि विचारतो, "माझं घड्याळ कुठाय?" हेझलनं ते घड्याळ चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एका गृहस्थाला दिलेलं असतं. हा गृहस्थ तिच्याकडे पत्ते खेळायला येतो आणि त्याला भूत दिसत नाही. एक दिवस दोघं एकाच वेळी शेजारशेजारच्या खुर्च्यांत! घड्याळ दिसू नये म्हणून हेझल त्या बिचाऱ्याच्या हातावर ओव्हनचा पांढरा जाड हातमोजा चढवते आणि तो मोजा घालूनच तो डाव खेळतो. दादा, मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. शेवटी ती घड्याळ वॉल्टरला परत देते. तो कानाशी धरून बघतो, म्हणतो, "चार मिनिटं मागे आहे," आणि जातो तो परत येत नाही. मग हेझल एकटीच दोघांचे पत्ते वाटत बसते. तिथे मात्र आपण हसत नाही.

ही दाखवशील का महोत्सवात? टोळ्या नाहीत, नशा नाही. पण तिसरी हवी आहे ना तुला?

अरुणा

*

पुणे,
२० जुलै १९९६

प्रिय अरुणा,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी श्रीनिवास सरांना वाचून दाखवलं. तुझ्या घरात जिवंत कृष्णवर्णीय दिग्दर्शिका, आणि तू तिला अंडी उकडायला लावतेस! सर म्हणाले, हा आपल्या महोत्सवाचा मुकुटमणी ठरेल.

फक्त एक शंका आहे. तू सांगतेस तशी ती फिल्म नुसती भुताखेतांची आणि हसण्याची असणार नाही. तू वरवर पाहिलीस. हे लोक हसतात ते सुद्धा आतून रडत असतात. तिनं नक्की काहीतरी खोलवर दडवलं आहे. तेव्हा तिला एवढं विचार : वडील काय करत होते? घरची किती गरिबी होती? घरातलं कुणी तुरुंगात गेलं होतं का? पोलिसांचा काही अनुभव? कापसाच्या मळ्यांत कोणत्या पिढीपर्यंत राबले? मला माहितीपत्रक लिहायचं आहे. त्याशिवाय प्रेक्षकांना फिल्म कळायची नाही.

एक गोष्ट मनात आली. फिल्ममध्ये भूत आहे, पण काळी माणसं म्हणून त्यांनी जे सोसलं ते कुठे आहे? ते आलं पाहिजे.

उत्तर लवकर दे.

प्रबोधदादा

*

क्लेमेंटी,
१८ ऑगस्ट १९९६

प्रिय दादा,

जयभीम.

तुझे प्रश्न मी विचारले. विचारायची लाज वाटली, पण विचारले. वडील शाळेत भूमिती शिकवायचे. घर स्वतःचं होतं. तुरुंगात कुणी गेलं नाही. कापसाचं तिला आजीच्या आजीबद्दल थोडंसं ठाऊक आहे. ते तिनं सांगितलं, आणि मग विचारलं, "हे तुझ्या भावाला हेझलसाठी हवंय का?" मी तिला पोळी वाढली.

मग ती बोलली. फिल्म घेऊन ती दोन वर्षं फिरली. एका ठिकाणी म्हणाले, यात रस्ता, गल्लीतला रक्तपात कुठे आहे? एकानं सुचवलं, हेझलला एक मुलगा दे, तो टोळीत घाल, त्याला शेवटी गोळी लागू दे, मग पैसे काढतो. आणखी एका महोत्सवानं लिहून कळवलं की फिल्म चांगली आहे, पण पुरेशी काळी नाही. ती म्हणाली, "दुःखाचे सिनेमे व्हायलाच हवेत. मीही ते बघून रडते. पण आमच्याकडे भुतं आहेत, चोर-पोलीस आहेत, प्रेमात वेडी झालेली म्हातारी माणसं आहेत. ती कधी दिसायची?" ती चिडून बोलली नाही. पोळी खात खात बोलली.

दादा, आता एक माझं. कपाटाच्या कुलपाबद्दल मी तुला खोटं लिहिलं होतं. तन्वी काही उचकापाचक करत नाही. कुलूप मी ग्लोरियासाठी बसवलं. आयुष्यात मी एकाही काळ्या माणसाशी दोन शब्द बोलले नव्हते, तरी मला त्यांची सगळी माहिती होती. व्हिडिओवर बघितलेल्या प्रत्येक पिक्चरमध्ये त्यांच्या हातात पिस्तूल होतं, नाहीतर पुडी. पंधराव्या दिवशी तिनं मला साखर मागितली. साखर कपाटात. मी तिच्यासमोर कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. तिनं चहा केला आणि एक कप माझ्यापुढे ठेवला.

पुण्यात आपण खोली शोधत होतो ते आठवतं? पेठेतली ती बाई, जिनं आडनाव विचारलं आणि मग म्हणाली, खोली कालच गेली. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी त्यानंतर तीन महिने दारावर होती. तू रोज मुद्दाम त्या रस्त्यानं जाऊन ती बघून यायचास. त्या बाईचा मी एवढी वर्षं राग राग केला. कुलूप मी त्याच संध्याकाळी काढून टाकलं, पण कपाटाच्या दारावर भोकं राहिली आहेत. रोज दिसतात.

तुला फिल्म दाखवायची असेल तर ती आहे तशी दाखव. शैलेंद्रचा मित्र पद्माकर डिसेंबरात सुट्टीवर पुण्याला येतो आहे. त्याच्याबरोबर कॅसेट देते. तुमच्या मशीनवर चालेल अशी करून घेते.

अरुणा

*

पुणे,
९ ऑक्टोबर १९९६

प्रिय अरुणा,

जयभीम.

तुझं पत्र वाचून मला त्रास झाला. पेठेतल्या त्या बाईचं नाव काढायची गरज नव्हती. मी दुःखाचा व्यापार करतो असं तुला म्हणायचं असेल तर सरळ म्हण. आपल्या माणसांचं दुःख जगापुढे मांडायला कुणीतरी लागतं आणि मी ते मांडलं. त्यावर आपलं घर उभं राहिलं, तुझं शिक्षण झालं.

फिल्म दाखवणार आहे. माहितीपत्रक छापायला टाकलं. भूमितीच्या शिक्षकाचा उल्लेख केला आहे, मजकूर थोडा जुळवून घ्यावा लागला. कॅसेट वेळेवर पोचू दे.

प्रबोध

*

पुणे,
२४ डिसेंबर १९९६

प्रिय अरुणा,

सप्रेम जयभीम. राग गिळून हे पत्र लिहितो आहे, कारण बातमीच तशी आहे. महोत्सव गाजला! आणि तिघांत कोणती फिल्म गाजली म्हणशील? तुझ्या पाहुणीची.

पद्माकर विमानाच्या घोळात अडकले आणि कॅसेट २१ तारखेला, प्रदर्शनाच्या दिवशीच, दुपारी चारला हातात पडली. आधी बघायला वेळच नव्हता. पण माझी तयारी होती. आपल्या रिवाजाप्रमाणे मी प्रास्ताविक केलं, पंचवीस मिनिटं. गुलामांची जहाजं, कापसाचे मळे, जाळलेली घरं. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती. मग फिल्म सुरू झाली. दोनशे माणसं, आणि पंचावन्न मिनिटं कुणी हूं की चूं केलं नाही. पुढच्या रांगेतल्या दोन बायका रुमाल डोळ्यांना लावून बसल्या होत्या.

नंतरची चर्चा दीड तास चालली. श्रीनिवास सरांनी कमाल केली. ते म्हणाले, हरवलेलं घड्याळ म्हणजे या लोकांकडून हिरावून घेतलेला काळ. काळ्या हातावर चढवलेला पांढरा हातमोजा म्हणजे गोऱ्या व्यवस्थेनं झाकलेला इतिहास. तू मोजा बघून हसलीस, हे मी कुणाला सांगितलं नाही!

एकच गालबोट लागलं. आपल्याकडे चहा करणाऱ्या मधुवंतीबाई मागच्या रांगेत येऊन बसल्या होत्या. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नाही. मोज्याच्या त्या प्रसंगाला त्या मोठ्यानं हसल्या, थांबेचनात. माणसं वळून बघायला लागली. मी उठून मागे गेलो आणि त्यांना गप्प राहायची खूण केली. मग त्या उठून चहाच्या आधणाकडे गेल्या.

माहितीपत्रकाच्या दोन प्रती पाठवतो आहे. ग्लोरियाबाईंना सांग, पुण्यानं त्यांची वेदना समजून घेतली.

तुझा,
प्रबोधदादा

*

क्लेमेंटी,
१२ जानेवारी १९९७

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा ग्लोरिया घरातच होती. पाकीट बघून ती धावत आली. तिनं एकच विचारलं, "हसले का?"

मी म्हटलं, हो.

मी तिला तुझं पत्र वाचून दाखवायला लागले आणि त्यात नसलेलंच वाचत गेले. म्हटलं, मोज्याला हसले. म्हटलं, सुरुवातीला वॉल्टर खुर्चीत बसतो तिथे हसले. ती विचारत गेली, मी सांगत गेले. शेवटी म्हटलं, "चार मिनिटं मागे आहे" यालासुद्धा हसले. तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि "थँक यू, अरुणा" म्हणून खोलीत गेली. माहितीपत्रक तिनं उशाशी ठेवलं आहे. तिला मराठी वाचता येत नाही, नशीब माझं. त्यात तिचे वडील 'वंचितांना भूमितीच्या रेषांतून मुक्तीची वाट दाखवणारे' होते म्हणे. ते फळ्यावर नुसत्या हातानं नेमकं वर्तुळ काढायचे आणि त्याचा त्यांना अभिमान होता, असं मी तुला लिहायला हवं होतं का? लिहिलं असतं तरी तू छापलं नसतंस.

दादा, दोनशे माणसांत एका बाईला फिल्म कळली, आणि तिला तू गप्प केलंस.

मला रडू येतं ते त्याचं. तुझ्या हातून हे व्हावं याचं. तुलाही एकदा कुणीतरी असंच गप्प केलं होतं. तू विसरला असशील, मी नाही विसरले. निळ्या पुठ्ठ्याची वही, तुझी रहस्यकथा. दौंड जंक्शनचा तिकीट तपासनीस श्रावण, आपल्यातलाच, चपलेला लागलेल्या मातीवरून माणूस कुठल्या गाडीनं आला ते सांगणारा. मालगाडीच्या डब्यात सापडलेलं सावकाराचं प्रेत. तू रोज चार पानं लिहायचास आणि शाळेतून आल्याबरोबर मी ती वाचायचे. आपले बापू, पॉइंट्समन, दिवसभर रुळांचे सांधे बदलून आलेले, तेसुद्धा विचारायचे, "आज श्रावणानं काय शोधलं?" आपल्या चाळीत असा हिरो कुणी कधी वाचला नव्हता. मग तू वही घेऊन पुण्याला त्या संपादकाकडे गेलास. तो म्हणाला, "हे कुणीही लिहील. तुम्ही तुमचं लिहा." परत आलास आणि सांगितलंस, वही बंबात घातली.

तुझं पुस्तक खरं आहे. हौदाचा प्रसंग वाचताना माझ्या अंगावर अजून काटा येतो, मी तिथे होते. पण श्रावणसुद्धा तुझंच होतं ना? ते तुझं नव्हे असं कुणी ठरवलं?

ग्लोरियाचा इथे राहायचा पास मार्चअखेर संपतो. ती जायच्या आत मला तिला खरं सांगायचं आहे, आणि नुसतं खरं सांगून तिला पाठवायची माझी हिंमत होत नाही. फिल्म पुन्हा दाखव. प्रास्ताविक करू नकोस. मधुवंतीबाईंना बोलाव.

एवढं कर. नाहीतर मला पत्र नको.

अरुणा

*

पुणे,
२३ फेब्रुवारी १९९७

प्रिय अरू,

जयभीम.

तुझं पत्र पाच आठवडे खिशात घेऊन फिरलो. उत्तर लिहायला बसायचो आणि चार ओळींतच व्याख्यान व्हायला लागायचं, म्हणून फाडायचो.

एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. त्या दिवशी मोज्याचा प्रसंग आला तेव्हा मलाही हसू आलं. अगदी पोटातून. मी ते खोकल्यात घालवलं. पंचवीस मिनिटं मी दोनशे माणसांना रडायला सांगितलं होतं, आता चिटणीसानंच हसायचं? तेवढ्यात मधुवंतीबाई हसल्या. मी मागे गेलो तो त्यांना गप्प करायला गेलो खरा, पण त्यांच्याकडे बघितलं असतं तर मला हसू फुटलं असतं. मी त्यांच्याकडे न बघता हात हलवला.

त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "सायेब, मला वाटलं कुणाची मयत-बियत हाय का काय, समदी अशी बसलेली." मग म्हणाल्या, "माझा मालकबी गेल्यावर सा महिने चष्माच मागत होता सपनात."

गेल्या रविवारी सकाळी त्यांच्या वस्तीतल्या विहारात टीव्ही आणि मशीन नेलं. साठेक बायका, त्यांची माणसं, पोरंटोरं. मी एवढंच म्हटलं, "एक गोष्ट आहे, बघा." टीव्हीशेजारी सतरंजीवर बसलो आणि ती माणसं इंग्रजीत बोलतील तसं मराठीत सांगत गेलो. वॉल्टर पहिल्यांदा खुर्चीत बसला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "आला गं बाई जेवायला!" तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. मोज्याच्या वेळी मला बोलणंच जमेना, मीच हसत होतो. मधुवंतीबाई शेजारणीच्या पाठीत धपाटे घालत होत्या. आणि अरू, "चार मिनिटं मागे आहे" याला सगळे हसले. मोठ्यानं हसले आणि एकदम थांबले. कुणीतरी नाक ओढलं. मग हेझल पत्ते वाटेपर्यंत कुणी बोललं नाही.

आमचा टू-इन-वन मी सतरंजीवर ठेवला होता, रेकॉर्डिंग चालू करून. कॅसेट सोबत पाठवतो आहे. माझा आवाज घोगरा येतो, पोरं मध्येच भांडतात, पण हसणं स्वच्छ आलं आहे. ती बाई आवाजांचा अभ्यास करते ना, तिला दे. आणि तिला खरं सांग, डिसेंबरचंही. त्या माहितीपत्रकाखाली माझं नाव आहे, ते तिला दाखव.

वही मी बंबात घातली नव्हती. बापूंनी पुन्हा 'श्रावणानं काय शोधलं' असं विचारू नये म्हणून तसं सांगितलं. ती माझ्याकडेच आहे, पत्र्याच्या पेटीत, पुस्तकाच्या हस्तलिखिताखाली. तुझं पत्र आल्यावर काढून वाचली. चांगली आहे गं. चोवीस वर्षांच्या पोराला किती मजा येत होती लिहिताना! मला त्याचा हेवा वाटला. पण शेवटची पानं लिहिलीच नव्हती. संपादकाकडे गेलो तेव्हा ती बाकी होती आणि परत आल्यावर लिहिली नाहीत. खून कुणी केला हे तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं. आता आठवत नाही. सगळी पानं तीनदा वाचली, तरी पत्ता लागत नाही.

महोत्सव चांगला झाला असं सगळे म्हणतात. मला आता लाज वाटते, आणि ही गोष्ट सोसायटीत कुणाला सांगावी तेही कळत नाही.

दादा

*

क्लेमेंटी,
२९ मार्च १९९७

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

ग्लोरिया परवा गेली. मी आणि तन्वी विमानतळावर सोडायला गेलो होतो. तन्वी रडून रडून आजारी पडली आहे. शैलेंद्रही पुढची फेरी संपवून घरी आहे आता. त्यानं कपाटाच्या दारावरची भोकं भरून रंग दिला. मी नको म्हणत होते.

तुझी कॅसेट आली त्या दिवशी मी तिला आधी सगळं सांगितलं. डिसेंबर, माहितीपत्रक, खोटं वाचन, कुलूप. कुलपाचं तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कपाटाखाली लाकडाचा ताजा भुसा पडला होता, म्हणाली. आणि पुण्यात कुणी हसलं नाही हेही तिला तेव्हाच कळलं होतं. "तू म्हणालीस, चार मिनिटं मागे याला हसले. तिथे आजवर कुठेच कुणी हसलं नव्हतं. मला वाटलं, ही माझ्यासाठी किती खोटं बोलते आहे, म्हणून मी आभार मानले."

मग तिनं टीव्हीवर फिल्म लावली, आवाज बंद करून, आणि शेजारी तुझी कॅसेट. तीनदा मागेपुढे करून दोन्ही बरोबर जुळवलं. दादा, आमच्या हॉलमध्ये हेझल तुझ्या आवाजात मराठी बोलायला लागली. "आला गं बाई जेवायला" आलं तेव्हा मी अर्थ सांगितला, तर ती सोफ्यावरून खाली घसरली. मोज्याच्या वेळी तुम्ही तिथे हसत होता, आम्ही इथे. शेवटी वॉल्टरनं घड्याळ कानाशी धरलं आणि तुझ्या घोगऱ्या आवाजात बोलला. तुमचं ते हसणं आलं आणि थांबलं. ग्लोरियानं टेप तिथेच बंद केला. हाताच्या पाठीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मी ते विनोद म्हणूनच लिहिलं होतं. तीन वर्षांत मीच विसरले होते."

कॅसेट तिनं बरोबर नेली. सामानात टाकली नाही, खांद्याच्या पर्समध्ये ठेवली.

शेवटच्या आठवड्यात मी तिला श्रावणाची गोष्ट सांगितली, रोज थोडी, जेवढी मला आठवते तेवढी. मालगाडीचा डबा, प्रेत, पार्सल क्लार्कची विसरलेली छत्री, लाल माती लागलेली चप्पल. ती पोळ्या भाजायची आणि मी सांगायचे. तिला पार्सल क्लार्कचा संशय. मी म्हटलं, तो नाही, श्रावणानं त्याला बाविसाव्या पानावरच सोडलं. मग तिचा संशय सावकाराच्या भावावर गेला. तन्वी म्हणते, स्टेशनमास्तर.

विमानतळावर आत जाताना ती परत फिरली. मला वाटलं काहीतरी विसरली. तिनं पत्त्याचा कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुझ्या भावाला सांग, मी वाट बघते आहे." मी तिला शब्द देऊन बसले आहे की दिवाळीच्या आत कळवते. कागद या पाकिटात घातला आहे.

बापू असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं. दादा, खून कुणी केला?

तुझी,
अरू